मासा आणायला गेलेला कोपल

ब्लूमा स्मोल्यारकडे तिच्या नवऱ्याची चौकशी करायला कुणी जात नसे, कारण ती न विचारताच सांगायची. न्यूयॉर्कच्या लडलो स्ट्रीटवरच्या एका खाटकाच्या तळघरात पालथ्या खोक्यावर बसून ती दिवसभर गिऱ्हाइकांच्या कोंबड्यांची पिसं काढायची. मांडीवर कोंबडी, पायांशी पोतं आणि तोंडात कोपल. पिसं हाताला लागतील तशी उपटायची आणि कोपलचे गुण आठवतील तसे.

"कोंबडी बरी," ती म्हणायची. "मेल्यावर तरी एका जागी राहते."

बायका हसायच्या. आपल्या कोंबडीच्या पंखाखाली पिसं राहिली नाहीत ना, तेवढं बघून घ्यायच्या आणि निघायच्या.

कोपल हा झारच्या मुलखातल्या क्रास्नेव्हित्सच्या डांबरवाल्याचा धाकटा मुलगा. ते गाव नदीकाठी, पाइनच्या जंगलाला टेकून वसलेलं, आणि तिथले स्मोल्यार पिढ्यान्‌पिढ्या लाकडातून डांबर काढायचे. कोपल सात वर्षांचा असताना कढई कलंडली आणि त्याच्या उजव्या खांद्यामागे तळहाताएवढं कातडं जळालं. जखम दोन महिन्यांत भरली, पण त्यातून त्यानं जो धडा घेतला तो त्याला जन्मभर पुरला. कष्टाच्या जवळ गेलं की माणूस पोळतो, हा तो धडा. बाप म्हणायचा, लाकूड उचल; हा म्हणायचा, खांदा ओढतो. भाऊ म्हणायचे, मग डाव्या खांद्यावर घे. हा म्हणायचा, डाव्याला उजव्याचं दुःख कळतं.

बोलण्यात मात्र त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. उंच, कुरळ्या केसांचा, आणि टोपी अशी तिरकी घालायचा की मुलींना वाटावं, हा कुठून तरी लांबून आला आहे किंवा कुठं तरी लांब निघाला आहे. दुसरा तर्क बरोबर होता. ब्लूमा काही आंधळी नव्हती. पण एकोणीस वर्षांची होती, आणि त्या दोन्हींत फारसं अंतर नसतं.

लग्न झालं, वर्षाच्या आत मिर्ल झाली, आणि मिर्ल चालायला लागायच्या आत झारच्या फौजेचं बोलावणं आलं. आमच्याकडची ज्यू पोरं त्या बोलावण्याच्या भीतीनं काय काय करायची. कुणी बोट तोडून घ्यायचा, कुणी महिनाभर उपाशी राहून डॉक्टरला बरगड्या दाखवायचा. कोपलनं दोन्हींचा शांतपणे विचार केला. बोट तोडलं तर दुखेल आणि जेवलं नाही तर भूक लागेल, हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हा तो गवताच्या गाडीत लपून सरहद्दीपलीकडे गेला आणि तिथून बोटीनं न्यूयॉर्कला. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. झारच्या फौजेतून पळणं हे आमच्यात पळणं धरत नाहीत. ब्लूमाही रडली ती अभिमानानं. पुढं ती म्हणायची, "पहिल्या वेळी मीच शाबासकी दिली, म्हणून त्याला चटक लागली."

दोन वर्षं त्याची पत्रं यायची. पत्रांत उंच इमारती असायच्या, बिनघोड्यांच्या गाड्या असायच्या, हिवाळ्यात मिळणारी संत्री असायची. बोटीचं तिकीट तेवढं नसायचं. शेवटी ब्लूमाच्या बापानं गाय विकून लेकीला आणि नातीला बोटीत बसवलं. धक्क्यावर कोपलनं तिला पाहिलं आणि म्हणाला, "अगं, तू आलीस?" जणू ती विहिरीवर गेली होती आणि जरा लवकर परतली होती.

पुढची तीन वर्षं त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत संसार केला. संसार ब्लूमानं केला. कोपल हजर असायचा. आधी त्यानं कोटांच्या कारखान्यात इस्त्री धरली. इस्त्री जड निघाली. मग गळ्यात पाटी अडकवून विजारीचे पट्टे विकायला निघाला. पाटीही जड. जिथं पहिली पायरी दिसेल तिथं पाटी खाली ठेवून बसायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी देशाच्या भवितव्यावर बोलायचा.

"ब्लूमा, या देशात माणसाला डोकं लागतं, पाठ नाही," तो सांगायचा.

"मग डोकं चालव."

"विचार करायला निवांतपणा तरी दे."

"तीन वर्षं झाली, विचार अजून शिजतोय होय?"

"चांगल्या विचाराला मंद आच लागते," कोपल म्हणायचा, आणि चहाचा ग्लास पुढं करायचा.

१९१२ सालच्या पेसाख सणाच्या आदल्या दिवशी ब्लूमा घर धुऊन काढत होती. कोपलनं नवा कोट घातला, ती तिरकी टोपी घातली आणि म्हणाला, "मासा आणायला जातो." सणाचा मासा जिवंत आणायची रीत, म्हणून ब्लूमानं टबात पाणी भरून ठेवलं. मोठा आण, म्हणाली. संध्याकाळी शेजारीण मागे लागली की दिवे लागायची वेळ झाली, आता कसली वाट बघतेस. सण झाला. सण उलटल्यावर ब्लूमानं त्याच पाण्यानं जिना पुसला.

ती आमच्या गाववाल्यांच्या मंडळाकडे गेली. क्रास्नेव्हित्सकरांचं मंडळ म्हणजे चाळीस-पन्नास घरं, दफनाची जागा, वर्षातून एकदा जेवण, आणि अध्यक्ष व्होल्फ प्लाट. प्लाटचा लहान मुलांचे कोट शिवायचा कारखाना होता आणि पोट इतकं पुढं होतं की कोपरापर्यंतचा हात टेबलावर न टेकता पोटावरच टेकायचा. तो नऊ वर्षं अध्यक्ष होता, कारण निवडणुकीच्या दिवशी कचोऱ्या त्याच्याकडून असायच्या.

"नवराबायकोच्या भांडणात मंडळ पडत नाही," प्लाट म्हणाला. "तू काही तरी बोलली असशील त्याला."

"बोलले. मासा मोठा आण म्हणाले."

"तेच ते. पुरुषाला टोचून बोललं की असं होतं."

मग ती पळालेल्या नवऱ्यांचा शोध घेणाऱ्या कचेरीत गेली. त्या काळी असे नवरे इतके झाले होते की आमच्या भाषेतलं एक वर्तमानपत्र त्यांचे फोटो रांगेनं छापायचं. कचेरीतल्या बाईनं फोटो मागितला. ब्लूमाकडे लग्नातला एकच होता. तिनं कात्री घेतली, स्वतःला कापून वेगळं केलं आणि कोपल तेवढा दिला. फोटो छापून आला तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सगळ्या पळपुट्यांत तुझाच देखणा आहे. महिन्याभरानं वर्तमानपत्राला क्लीव्हलंडहून बिनसहीचं पत्र आलं. पत्रलेखकाची तक्रार अशी होती की छापलेला फोटो जुना आहे, टोपी आता कुणी अशी घालत नाही, आणि एखाद्या माणसाची बदनामीच करायची तर निदान चांगल्या फोटोनं करावी. कचेरीनं क्लीव्हलंडला माणूस पाठवला. तोवर कोपलनं घर बदललं होतं आणि, हे नंतर कळलं, नावही.

आता ब्लूमाची स्थिती अशी की ना नवरा होता, ना ती विधवा होती. आमच्या धर्मात नवऱ्यानं हातानं फारकतीचा कागद दिल्याशिवाय, किंवा तो मेल्याचा साक्षीदार उभा राहिल्याशिवाय, बाई सुटत नाही. साखळीनं बांधल्यासारखी राहते, आणि साखळीचं दुसरं टोक क्लीव्हलंडात टोपी घालून हिंडत असतं. तिनं तळघर धरलं. शेजारच्या इमारतीत हिलेल नावाचा काचा बसवणारा विधुर होता, मितभाषी, बोटांना नेहमी लहानसहान चिरा पडलेल्या. तो चार वर्षांत ब्लूमाच्या खिडकीची काच पाच वेळा बदलून गेला. त्यातली एकच फुटलेली होती.

"मी थांबेन," तो एकदा म्हणाला.

"कशासाठी? तो मरायचासुद्धा आळस करेल," ब्लूमा म्हणाली.

लढाई आली. १९१७ च्या उन्हाळ्यात सगळ्या तरुणांना फौजेसाठी नाव नोंदवायला बोलावलं. बायकापोरं अंगावर असलेल्यांना मागे ठेवत होते, त्यामुळे आमच्या गल्लीतले कितीतरी पुरुष त्या वर्षी प्रथमच बायकोला हाताला धरून रस्त्यातून चालताना दिसले. ब्लूमा तळघराच्या पायरीवरून ते बघायची आणि म्हणायची, "बघा, सरकारनं काय काय जुळवून आणलं."

लढाई संपल्यावर, १९१८ च्या डिसेंबरात, तिला सरकारी पत्र आलं. मिर्ल तेव्हा बारा वर्षांची होत आली होती आणि इंग्रजी वाचायची. तिनं वाचून दाखवलं. तुमचे बंधू, शिपाई जॅक स्मॉल, वय सव्वीस, अविवाहित, ऑक्टोबर महिन्यात फ्रान्समध्ये देशासाठी कामी आले.

"मला भाऊ नाही," ब्लूमा म्हणाली. "पुन्हा वाच."

मिर्लनं पुन्हा वाचलं. आठवड्यानं लहानसं पार्सल आलं. त्यात वस्तरा होता, प्रार्थनेचं न उघडलेलं पुस्तक होतं आणि चार घड्या घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण होतं. ब्लूमानं घडी उलगडली. तिरकी टोपी, लग्नातला कोट, आणि खांद्यावर एका बाईची चार बोटं, कारण सहा वर्षांपूर्वी तिची कात्री जरा चुकली होती. या माणसानं बायको ठेवली नाही, मुलगी ठेवली नाही, आडनाव ठेवलं नाही; स्वतःचा फोटो मात्र समुद्रापार जपून नेला.

तिनं कात्रणाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "सव्वीस. मेला बत्तीस वर्षांचा होता. मरतानाही सहा वर्षं लपवली."

आणि मग तिला ते लक्षात आलं. अविवाहित. बायको आणि मुलगी आहे एवढं म्हणाला असता तर त्याला कुणी नेलं नसतं. झारच्या हातून निसटलेला, कचेरीच्या माणसाला क्लीव्हलंडात न सापडलेला हा माणूस, समोर सताड उघडं दार असताना त्यातून बाहेर पडला नाही, कारण त्या दारावर बायकोचं नाव होतं.

ती कागद घेऊन म्हाताऱ्या रब्बींकडे गेली. रब्बी भले होते, पण कायदा कायदा असतो.

"मुली, हा कागद म्हणतो जॅक स्मॉल, तुझा नवरा कोपल स्मोल्यार. कागद म्हणतो सव्वीस, तो बत्तीस. कागद म्हणतो अविवाहित, आणि तुझा भाऊ."

"रब्बी, त्या कागदावर एकच गोष्ट खरी आहे. मेला ती."

"तीच मला साक्षीदाराच्या तोंडून ऐकायला हवी. त्याला ओळखणारा, त्याचा चेहरा पाहिलेला कुणी तरी आण. एक पुरेल. पण एक हवा."

साक्षीदार कुठून आणायचा? गाववाले आठवले. ती प्लाटच्या कारखान्यात गेली आणि कागद त्याच्यापुढं ठेवला. प्लाटनं तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत तो ब्लूमासाठी कधी उठला नव्हता.

"बसा, ब्लूमाबाई. तुम्ही बसा."

काल तू, आज तुम्ही. ब्लूमा समजली की काही तरी हवं आहे. हवं होतं ते असं. नदीच्या वरच्या अंगाच्या गावाच्या मंडळाला या लढाईत दोन शहीद मिळाले होते आणि त्यांनी संगमरवरी पाटी लावली होती. क्रास्नेव्हित्सकरांकडे नुसते मरणारे होते. क्षयानं, न्यूमोनियानं, एक जिन्यावरून पडून. पाटीसारखं कुणी मरत नव्हतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तशी इथं आधी मेलेली म्हैसच मिळत नव्हती, आणि ती आज चालत दारात आली होती.

"सभा घेऊ," प्लाट म्हणाला. "पाटी लावू. आपला जेकब. सिंहाच्या काळजाचा."

"कोपल."

"कोपल म्हणजे जेकबच. पाटीवर जेकब बरं दिसतं. आणि तुम्ही मंचावर बसा. बहीण म्हणून."

"मी त्याची बायको आहे."

"हो हो, घरातल्या घरात. पण सरकारी कागदावर बहीण आहे ना? बहिणीचं नातं पवित्र. उगाच पळून गेला वगैरे गोष्टी कशाला? मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये."

"जिवंत होता तेव्हा तुम्ही कुठं बोलू दिलंत?"

प्लाटनं ते ऐकलं नाही. चार पुढाऱ्यांची नावं तो मनात मांडत होता. ब्लूमानं जरा विचार केला. गावासमोर बहीण म्हणून बसली, तर रब्बी म्हणतील, मग तुझा नवरा दुसरा कुणी असेल, तो शोध. बसली नाही, तर प्लाट एक माणूस द्यायचा नाही.

"येईन," ती म्हणाली. "पण रब्बींना बोलवा. पहिल्या रांगेत बसवा. आणि फौजेतला त्याचा सोबती शोधा. सिंह कसा लढला ते लोकांना कळू द्या."

प्लाट खूष झाला. खरा शिपाई मंचावर, ही कल्पना त्याला आपलीच वाटायला लागली. त्यानं वर्तमानपत्रात जाहिरात दिली: शिपाई जॅक स्मॉल यांना ओळखणाऱ्यानं भेटावं. पंधरा दिवसांत उत्तर आलं. इसर नावाचा क्लीव्हलंडचा एक फळवाला पायाच्या जखमेनं शहराबाहेरच्या लष्करी दवाखान्यात पडून होता, आणि आता काठी घेऊन चालू शकत होता. प्लाटनं त्याच्यासाठी मोटार पाठवली. तो काय सांगणार आहे, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही.

सभा रविवारी दुपारी होती. भिंतीवर झेंडा, त्याखाली फुलांच्या चौकटीत कोपलचा मोठा केलेला फोटो. दुसरा फोटोच नसल्यामुळे तोच, पळपुट्यांच्या रांगेतला. खांद्यावरची बोटं काळ्या फितीखाली झाकली होती. ज्या बायकांनी सहा वर्षांपूर्वी तो बघून फिदीफिदी केलं होतं, त्या आता रुमाल काढून बसल्या होत्या. प्लाट पाऊण तास बोलला. त्याच्या भाषणात गरुड आला, सिंह आला, प्राचीन काळचे आमचे योद्धे आले, मंडळाच्या दफनभूमीचा विस्तार आला, आणि बालपणापासून आपण जेकबचे गुण कसे हेरले होते तेही आलं. ब्लूमा मंचावर हात मांडीवर ठेवून बसली होती. रिकाम्या हातांची तिला सवय नव्हती.

"आणि आता," प्लाट म्हणाला, "खांद्याला खांदा लावून लढलेल्या सोबत्याच्या तोंडून जेकबचे अखेरचे क्षण ऐकू या."

इसर काठी टेकत उठला. पंचविशीचा, मोठ्या कानांचा, घाबरलेला. "लढलो नाही आम्ही," तो म्हणाला. "आम्ही स्वयंपाकाकडे होतो. खंदकातल्या लोकांना जेवण पोचवायचं काम."

सभागृहात जरा चुळबुळ झाली. ब्लूमा उठली.

"मी विचारते त्याला."

"नंतर, बाई, नंतर," प्लाट कुजबुजला.

"रब्बी बसलेत तोवरच." ती इसरकडे वळली. "तू त्याला फौजेत ओळखायला लागलास?"

"नाही. क्लीव्हलंडला तीन वर्षं एका खोलीत राहत होतो. माझ्या गाडीवर मदतीला होता. म्हणजे, गाडीजवळ असायचा."

"नाव?"

"कागदावर जॅक. खोलीत कोपल."

"अंगावर काही खूण?"

"पाठीवर. उजव्या खांद्यामागे भाजलेलं. डांबरानं, म्हणायचा. संत्र्यांचं खोकं उचल म्हटलं की तो डाग दाखवायचा."

पहिल्या रांगेत रब्बी पुढं झुकले. प्लाट घामेजला होता. "शौर्याबद्दल सांगा," तो म्हणाला.

"कसा मेला ते सांग," ब्लूमा म्हणाली. "जसं झालं तसं."

इसरनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "आम्ही दोघं रश्श्याचे डबे घेऊन चाललो होतो. एक डबा त्याच्याकडे, एक माझ्याकडे. जंगल होतं, चढ होता, चिखल होता. तो वाटभर कुरकुरत होता. मधे एका जागी त्यानं डबा खाली ठेवला आणि वर बसला. मी म्हटलं, ऊठ, रस्सा निवतोय. तो म्हणाला, मीच शिजवलाय, गार आणि गरम चवीला सारखाच. तू हो पुढं. मी दहा-बारा पावलं गेलो असेन. तेवढ्यात गोळा पडला. मला पायाला लागलं."

"बसला होता?"

"बसलाच होता."

"डब्यावर?"

"डब्यावर."

ब्लूमानं मंचावरून खाली पाहिलं. "रब्बी, लिहून घ्या. ओझं खाली ठेवलं आणि त्याच्यावर बसला. हा माझा नवरा. भाऊ असता तर चालत राहिला असता."

मागं कुणी तरी हसलं आणि मग हसू सगळीकडे पसरलं. रुमाल काढलेल्या बायकांना रुमालाचं काय करावं ते कळेना. म्हातारे रब्बी हसले नाहीत. त्यांनी हात वर केला आणि इसरला एकच विचारलं, "मेल्यावर चेहरा पाहिलास?"

"पाहिला. ओळखू येत होता. पायाला पट्टी बांधून मीच पुरायला थांबलो. येत होती तेवढी प्रार्थना म्हटली."

"पुरे," रब्बी म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

"सभा तहकूब," प्लाट ओरडला. "हे सगळं पाटीवर येणार नाही, ब्लूमा."

तो पुन्हा 'ब्लूमा'वर आला होता. "तुमचा सिंह तुम्ही ठेवा, अध्यक्षसाहेब," ती म्हणाली. "मला मेलेला नवरा हवा होता, तो मिळाला."

खाली जिन्यात इसर पाय पसरून बसला होता. ब्लूमा त्याच्या शेजारच्या पायरीवर टेकली. प्लाटची मोटार निघून गेली होती. परत नेण्याचं कुणी बोललं नव्हतं.

"बहीण का म्हणाला?" तिनं विचारलं.

इसर म्हणाला, "नाव नोंदवायच्या रांगेत मी त्याच्या मागं होतो. कारकून म्हणाला, बायको असेल तर सांग आणि घरी जा. कोपल इतका वेळ गप्प राहिला की मागचे लोक ओरडायला लागले. मग म्हणाला, नाही. बाहेर आल्यावर मी त्याला मूर्ख म्हटलं. तर म्हणाला, पाच वर्षांनी तिचं नाव घ्यायचं, तेही स्वतःची कातडी वाचवायला? एवढा निर्लज्ज मी नाही. पुढं फौजेत जवळचं माणूस विचारलं, तेव्हा तुम्हाला बहीण म्हणून लिहून दिलं." इसरनं काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. "खरं असेल. नाही तर तुरुंगाला घाबरला असेल. बायको टाकलेल्यांना पकडत होते तेव्हा. कोपलचं काय सांगता येतं?"

ब्लूमानं कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "जन्मात एकदा लाजला. आणि तेही जिथं लाजायचं नव्हतं तिथं."

तिनं त्याला घरी नेलं आणि कोंबडीचं सूप वाढलं. दोनदा.

तीन आठवड्यांनी रब्बींच्या पंचांनी ब्लूमाला मोकळं केलं. मेल्याची बातमी महिन्याच्या आत कळली तर आमच्यात सात दिवस जमिनीवर बसायचं असतं. महिना उलटून गेला असेल तर एक तास. ब्लूमाच्या वाट्याला एक तास आला. तिनं बूट काढले आणि बुटक्या खोक्यावर बसली. त्या तासात काम चालत नाही, म्हणून हात मोकळे होते. मिर्ल समोर घड्याळ बघत बसली.

"आई, रडायचं असतं का?"

"तुला येत असेल तर रड. मला आलं तर मी बघेन."

मिर्लला बाप नीट आठवत नव्हता. तिला आलं नाही. ब्लूमा खिडकीकडे तोंड करून बसली होती. पूर्ण तास ती कोपलबद्दल एक शब्द बोलली नाही. तास झाल्याचं मिर्लनं सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली, आणि तरी थोडा वेळ बसून राहिली. मग बूट घातले. शुक्रवार म्हणजे कोंबड्यांचा दिवस, तळघरात बायका खोळंबल्या होत्या.

प्लाटनं पाटी लावलीच. जेकब स्मॉल, क्रास्नेव्हित्सचा वीर. संगमरवर आधीच कोरून झाला होता. वरच्या अंगाच्या गावाच्या पाटीपेक्षा ती चार बोटं रुंद आहे, हे तो पाहुण्यांना दाखवायचा. डब्याची गोष्ट तोवर सगळ्या ईस्ट साइडला माहीत झाली होती, त्यामुळे लोक पाटी बघायला खरंच यायचे, आणि प्लाटला वाटायचं, मान द्यायला येतात.

उन्हाळ्यात ब्लूमानं हिलेलशी लग्न केलं. तो फारसा बोलायचा नाही, आणि जे ओझं उचलायचा ते ठरल्या जागी नेऊन ठेवायचा. ब्लूमाला हे सवयीचं व्हायला वेळ लागला.

इसर क्लीव्हलंडला परतला आणि पुन्हा फळांची गाडी लावली. दर नववर्षाला तो मिर्लला पत्र पाठवायचा आणि त्यात तिच्या बापाची एक तरी गोष्ट असायची. कोपल एकदा बर्फात बंद पडलेल्या ट्राममध्ये सगळ्यांना तासभर हसवत बसला. कोपलनं एकदा अख्खं खोकंभर पेअर अनाथाश्रमात वाटून टाकले, कारण परत आणायचा कंटाळा आला.

"मोठ्यानं वाचू नको ती थापेबाजी," ब्लूमा स्वयंपाकघरातून म्हणायची. आणि मग, पान उलटल्याचा आवाज आला की, "काय लिहिलंय मेल्यानं?"

मिर्ल वाचून दाखवायची. ब्लूमा हातातलं काम थांबवून शेवटपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, "खोटं आहे सगळं."